लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय: तो तर आतड्यात असतोच, मग इथे सापडला की आजार कसा?

रेवती_क (धागा)

एक रिपोर्ट नीट समजून घ्यायचाय. बाई, वय ६४, मधुमेह आहे पण गोळ्यांवर आटोक्यात. वार्षिक तपासणीत लघवीचं कल्चरही झालं. त्रास कसलाही नाही: जळजळ नाही, ताप नाही, सारखं जावं लागत नाही. रिपोर्टातला मुख्य भाग:

पस सेल्स ८–१०, एपिथेलियल सेल्स १५–२०, नायट्राइट पॉझिटिव्ह
कल्चर: ई. कोलाय, प्रति मिली १ लाखाहून जास्त सीएफयू (वाढू शकणारे जिवाणू)
नायट्रोफ्युरँटॉइन १९ मिमी – एस (औषध चालतं)
सिप्रोफ्लॉक्सासिन १९ मिमी – आर (चालत नाही)
सेफ्ट्रायॅक्सोन १२ मिमी – आर
आणि खाली ठळक अक्षरांत "ईएसबीएल पॉझिटिव्ह"

ई. कोलाय सगळ्यांच्या पोटात असतो असं शाळेपासून वाचलंय. मग तो लघवीत सापडला तर एवढं घाबरायचं का? १ लाख हा आकडा मोजतात कसा? पहिल्या दोन्ही औषधांसमोर १९ मिमीच आहे, तरी एक एस आणि दुसरं आर, ही छपाईची चूक समजायची का? आणि त्रासच नसेल तर अँटिबायोटिक घ्यायचं की नाही? सँपल सकाळी ७ ला घेतलं होतं, कलेक्शन सेंटरवरून ते लॅबला दुपारी गेलं, एवढंच कळलंय.

पेट्रीपात्र

तुमचं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, पण आधी जंतूबद्दल.

थिओडोर एशेरिच या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये तान्ह्या बाळांच्या शौचातून हा जिवाणू वेगळा काढला. नाव त्याच्यावरूनच, ई. म्हणजे एशेरिकिया. लांबी १ ते २ मायक्रोमीटर, जाडी साधारण अर्धा. म्हणजे ५०० ते १००० ई. कोलाय एका रांगेत लावले तर १ मिमी भरेल. जन्मानंतर आतड्यात सगळ्यात आधी बस्तान बसवणाऱ्यांत तो असतो. त्याला ऑक्सिजन असला तरी चालतो, नसला तरी चालतो. तिथला उरलासुरला ऑक्सिजन तो वापरून टाकतो आणि मग ज्यांना ऑक्सिजन सोसत नाही अशा बॅक्टेरॉइड्स वगैरे मंडळींची सोय होते. शौचाच्या दर ग्रॅममध्ये सुमारे १०० अब्ज जिवाणू असतात, त्यांत ई. कोलायचा वाटा साधारण १ टक्क्याहून कमीच. प्रसिद्धी मात्र सगळी त्याला, कारण तो प्लेटवर सहज उगवतो आणि बाकीचे बहुतेक उगवत नाहीत.

आता "तोच पोटात आणि तोच लघवीत" हे अर्धंच खरं. ई. कोलाय हे एका जातीचं नाव आहे आणि त्या जातीत घराणी पुष्कळ. प्रयोगशाळेतलं के-१२ घराणं १९२२ मध्ये माणसाच्या शौचातून घेतलं, त्यात सुमारे ४३०० जनुकं आहेत आणि ते निरुपद्रवी आहे. निसले नावाचं घराणं जर्मनीत प्रोबायोटिक म्हणून विकलं जातं. ओ१५७:एच७ हे घराणं शिगा टॉक्सिन तयार करतं, त्याने रक्ती जुलाब होतात आणि लहान मुलांच्या किडन्या निकामी होऊ शकतात. के-१२ मध्ये नसलेली हजाराहून जास्त जनुकं त्याच्यात आहेत.

लघवीच्या मार्गात त्रास देणाऱ्या घराण्यांची खुबी म्हणजे पकड. अंगावर केसांसारखे तंतू असतात, त्यांना फिंब्रिया म्हणतात. त्यांच्या टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं आणि ते मूत्राशयाच्या अस्तरावरच्या मॅनोज साखरेला चिकटतं. मूत्राशयाचं मुख्य संरक्षण म्हणजे दर काही तासांनी होणारी धुलाई. पकड असलेला धुलाईत टिकतो, नसलेला वाहून जातो. पी-फिंब्रिया असलेले तर वर किडनीपर्यंत चढू शकतात. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी, पुरुषांचा सुमारे २० सेंमी. बायकांना हा त्रास इतका जास्त का, त्याचं निम्मं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

मोजणी. लॅबमध्ये १ मायक्रोलिटरचं ठरावीक मापाचं लूप असतं. सँपल हलवून घ्यायचं, लूप उभं धरून पृष्ठभागाच्या जरा खाली बुडवायचं, सरळ बाहेर काढायचं आणि प्लेटवर रेघांनी पसरायचं. तिरपं किंवा खोल बुडवलं तर दांड्यालाही लघवी लागते आणि माप चुकतं. तारेचं लूप ज्योतीत तापवून गार होऊ दिलं नाही तर जिवाणू लूपवरच भाजतात आणि कॉलन्या (एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके) कमी दिसतात. प्लेट सीएलईडी आगरची (आगर म्हणजे जिवाणू वाढवायची जेली), किंवा मॅकॉन्की आणि ब्लड आगरची जोडी. ३५ ते ३७ अंशांना १८ ते २४ तास. मॅकॉन्कीवर ई. कोलाय गुलाबी येतो, कारण तो लॅक्टोज आंबवतो. सीएलईडीवर पिवळा. १ मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग, म्हणून १ कॉलनी = १००० सीएफयू प्रति मिली. १०० कॉलन्या दिसल्या की १ लाख. त्यापुढे मोजत बसत नाहीत, "१ लाखाहून जास्त" लिहून मोकळे होतात.

आता तुमचं सँपल. समजा खऱ्या लघवीत मिलीला फक्त १००० जिवाणू होते, तेही बाहेरच्या त्वचेवरून आलेले. सेंटरवरच्या उकाड्यात ते दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले असं धरा. ७ वेळा दुप्पट म्हणजे १२८ पट. साडेतीन तासांत १ लाख २८ हजार. सुरुवातीला त्यांना जम बसवायला थोडा वेळ लागतो हे मान्य, पण दुपारी १ ला गेलं असं धरलं तर ७ ते १ हे सहा तास होतात. त्यात एपिथेलियल सेल्स १५–२०! हे खपल्यासारखे चपटे सेल्स बाहेरच्या त्वचेचे आणि योनिमार्गाचे असतात. एवढे दिसले की सँपल नीट "मधल्या धारेचं" नाही, असाच संशय पहिला. नायट्राइटचंही तेच. ई. कोलाय लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतो, मग ते मूत्राशयात झालं की डबीत, हे पट्टीला कळत नाही.

नदीकाठचा

माहिती छान, पण उगीच कशाला जोखीम? ईएसबीएल आहे, मधुमेह आहे. संवेदनशील औषधाचा पाच-सात दिवसांचा कोर्स करून टाकावा. शरीरात आपल्या पेशींच्या दहापट जंतू आहेत, थोडे कमी झाले तर काय बिघडतं?

स्टेथो_आणि_चहा

नदीकाठचा, दोन्ही मुद्द्यांवर असहमत.

आधी सोपा मुद्दा. दहापट हा जुना अंदाज आहे. २०१६ मध्ये नव्याने हिशेब झाला, त्यात साधारण ७० किलोच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू निघाले, म्हणजे जवळपास बरोबरी. त्या ३० लाख कोटींत ८० टक्क्यांहून जास्त तर तांबड्या पेशीच. सगळ्या जिवाणूंचं वजन सुमारे २०० ग्रॅम.

आता कोर्स "करून टाकण्या"बद्दल. त्रास नाही आणि कल्चर पॉझिटिव्ह, या अवस्थेला स्वतंत्र नाव आहे: लक्षणविरहित जिवाणुमूत्रता. उतारवयातल्या बायकांमध्ये ती अगदी नेहमीची, मधुमेहात आणखी. १९५० च्या दशकात एडवर्ड कॅस यांनी १ लाखाची रेषा आखली, ती खरे जिवाणू आणि सँपलमध्ये मिसळलेले जिवाणू यांतला फरक ओळखण्यासाठी. उपचार करायचे की नाही हे ठरवण्यासाठी ती रेषा नव्हती आणि आजही नाही. बायकांमध्ये ही अवस्था म्हणायलासुद्धा लागोपाठच्या दोन सँपलांत तोच जिवाणू १ लाखाच्या वर यावा लागतो. इथे एकच सँपल आहे, तेही बहुधा सहा तास उकाड्यात बसलेलं.

आणि दोन्ही सँपलं पॉझिटिव्ह आली तरी गोळ्या द्यायच्या नसतात. उपचार करतात ते मुख्यतः गरोदरपणात, कारण तेव्हा लागण किडनीपर्यंत जाण्याचा धोका बराच वाढतो. आणि मूत्रमार्गातून दुर्बीण घालून अस्तराला इजा होणारी शस्त्रक्रिया करायची असेल तर आधी. मधुमेह या यादीत नाही. पस सेल्स ८–१० हेही कारण होत नाही. मूत्राशयात जिवाणू असले की थोडे पस सेल्स येतातच.

"थोडे कमी झाले तर काय बिघडतं" याचंही उत्तर आहे. गोळी फक्त मूत्राशयात जात नाही. बहुतेक अँटिबायोटिक्स आतड्यातल्या शेजाऱ्यांनाही मारतात. जागा रिकामी झाली की क्लॉस्ट्रिडियॉइडिस डिफिसिलसारखा एरवी दबून राहणारा जिवाणू वाढतो आणि जुलाब सुरू होतात, म्हाताऱ्या माणसात ते जिवावरही बेततात. योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस मेले की कॅन्डिडा बुरशी फोफावते. आणि पुढच्या वेळी खरोखर ताप-थंडी येईल तेव्हा हाताशी असलेल्या औषधांची यादी आणखी आखूड झालेली असेल.

औषध कधी लागतं? लघवीला जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणं ही लक्षणं असतील तर. ३८ अंशांच्या वर ताप, हुडहुडी, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिथे ऑनलाइन चर्चेचा उपयोग नाही.

पेट्रीपात्र

+१. एस-आर राहिलं होतं. छपाईची चूक नाही.

कॉलनीतून जिवाणू घेऊन सलाइनमध्ये ०.५ मॅकफारलंड एवढा गढूळपणा येईपर्यंत मिसळतात, म्हणजे मिलीला साधारण १५ कोटी. कापसाच्या बोळ्याने तो म्युलर-हिंटन आगरवर तिन्ही दिशांनी सारवतात, औषधाच्या कागदी चकत्या ठेवतात आणि १६ ते १८ तासांनी चकतीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ मिमीमध्ये मोजतात. वर्तुळ किती मोठं येईल हे फक्त औषध किती प्रभावी यावर ठरत नाही. चकतीत औषध किती आहे (नायट्रोफ्युरँटॉइन ३०० मायक्रोग्रॅम, सिप्रोफ्लॉक्सासिन फक्त ५), ते आगरमधून किती भरभर पसरतं आणि माणसाच्या शरीरात त्या जागी ते किती पोहोचतं, हे सगळं धरून प्रत्येक औषधाची वेगळी रेषा ठरते. सीएलएसआय (लॅब चाचण्यांचे निकष ठरवणारी अमेरिकन संस्था) हिच्या सध्याच्या तक्त्यात ई. कोलायसाठी नायट्रोफ्युरँटॉइन १७ मिमी किंवा जास्त असेल तर एस. सिप्रोफ्लॉक्सासिन २६ किंवा जास्त असेल तर एस, २१ किंवा कमी तर आर. म्हणून १९ इकडे पास आणि तिकडे नापास. गंमत म्हणजे २०१९ च्या आधीच्या तक्त्यात सिप्रोचा हाच १९ "आय" (मधला) ठरला असता. तेव्हा रिपोर्टातले मिमी एकमेकांशी ताडून "मोठ्या वर्तुळाचं औषध भारी" असं कधीच म्हणू नये.

ही चाचणी चुकते कुठे? आगर ४ मिमी जाडीचं हवं. जाड झालं तर वर्तुळं लहान येतात आणि चांगलं औषध उगाच आर ठरतं. मिश्रण जास्त गढूळ झालं तरी तेच. चकत्यांची कुपी फ्रिजमधून काढून लगेच उघडली तर आत दमट बसतो आणि औषधाचा दम कमी होतो. पुन्हा खोटा आर.

ईएसबीएल हे जंतूचं नाव नाही. ते विकर (एन्झाइम) आहे, पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांचं बीटा-लॅक्टम कडं तोडणारं. म्हणूनच सेफ्ट्रायॅक्सोन आर. ओळखतात असं: एक चकती सेफ्टाझिडिमची, शेजारी दुसरी सेफ्टाझिडिम अधिक क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची. हे आम्ल त्या विकराला अडवतं. दुसऱ्या चकतीचं वर्तुळ ५ मिमी किंवा जास्त मोठं आलं की ईएसबीएल. याचं जनुक बहुधा प्लाझ्मिडवर असतं, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर. एक जिवाणू दुसऱ्याला ते देऊ शकतो, अगदी ई. कोलायकडून क्लेबसिएलाकडे. त्याच कड्यावर इतर औषधांना दाद न देणारी जनुकंही बऱ्याचदा असतात, त्यामुळे ईएसबीएलच्या रिपोर्टात आर ची रांग लागते. ठळक अक्षरं बघून दचकू नका. आपल्याकडे धडधाकट लोकांच्या आतड्यातही असे ई. कोलाय सर्रास सापडतात. त्याचा अर्थ जंतू जास्त "विषारी" आहे असा नाही, गरज पडलीच तर औषधं कमी आहेत एवढाच.

नायट्रोफ्युरँटॉइन एवढं जुनं असून अजून चालतं त्याचं कारण सुरेख आहे. जिवाणूचीच विकरं त्याचं रूपांतर विध्वंसक रेणूंत करतात आणि ते एकाच वेळी डीएनए, रायबोसोम, प्रथिनं अशा अनेक जागी घाव घालतात. एक बदल करून जंतूला सुटता येत नाही.

स्टेथो_आणि_चहा

त्याला जोडून: नायट्रोफ्युरँटॉइन लघवीत भरपूर उतरतं, रक्तात आणि किडनीच्या ऊतीत पुरेसं नाही. म्हणून मूत्राशयाच्या लागणीला चांगलं, ताप आणि कंबरदुखी असेल तर निरुपयोगी, रिपोर्टात एस असलं तरी. किडनीचं काम फार घटलेलं असेल तर तेही देत नाहीत. रिपोर्टवरचं एस म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. आणि औषधाच्या दुकानात रिपोर्ट दाखवून गोळ्या आणणं तर नकोच.

रेवती_क

खूप आभार सगळ्यांचे. म्हणजे डॉक्टरांना विचारून सँपल पुन्हा द्यायचं की तेही नको? द्यायचं झालं तर नीट कसं घ्यायचं? घरी काचेची बाटली उकळून घेतली तर चालेल का? आणि दही-ताक वाढवून काही फायदा?

स्टेथो_आणि_चहा

त्रास नसेल तर पुन्हा कल्चरची गरजच नसते. पण शस्त्रक्रिया ठरलेली असेल किंवा डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर द्या.

दह्याबद्दल: विरजणातले जिवाणू दुधातली लॅक्टोज आंबवून लॅक्टिक आम्ल करतात. पोटात गेल्यावर त्यातले काही जिवंत पुढे सरकतात, पण बहुतेक तिथे घर करत नाहीत. खाणं थांबवलं की काही दिवसांत दिसेनासे होतात. योनिमार्गात राखण करणारे लॅक्टोबॅसिलस (मुख्यतः क्रिस्पॅटस) दह्यातले नव्हेत. ते तिथल्या ग्लायकोजेनवर जगतात आणि पीएच ३.८ ते ४.५ ठेवतात, त्या आंबटपणात ई. कोलायला थारा मिळत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, ग्लायकोजेन घटतं, लॅक्टोबॅसिलस उठून जातात आणि मोकळ्या जागेत ई. कोलाय येऊन बसतो. ६४ व्या वर्षी मार्गात ई. कोलाय सापडणं म्हणूनच नवल नाही. वारंवार खरी लागण होत असेल तर स्थानिक इस्ट्रोजेन क्रीमचा उपयोग होतो, ते स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. दही आवडत असेल तर खुशाल खा, जेवणाचा भाग म्हणून.

पेट्रीपात्र

उकळलेली बाटली नको. आत साबणाचा अंश राहिला तर जिवाणू मरतात, आणि नीट कोरडी झाली नसेल किंवा पुसताना फडक्याचे जंतू लागले तर नसलेले जिवाणू उगवतात. लॅबमधून सील असलेली निर्जंतुक डबी आणा, स्वस्त असते.

रात्रभर साठलेली सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर निदान ४ तास मूत्राशयात राहिलेली. अँटिबायोटिक सुरू असेल तर ते डॉक्टरांना आणि लॅबला आधी सांगा. कल्चर नेहमी पहिल्या गोळीच्या आधी. हात साबणाने धुवा. बाहेरचा भाग साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. डेटॉल-सॅव्हलॉन अजिबात नको, थेंबभर डबीत गेलं तरी कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. एका हाताने त्वचेच्या घड्या बाजूला धरून ठेवा, तो हात शेवटपर्यंत सोडायचा नाही. बहुतेकींचं सँपल इथेच बिघडतं, कारण डबी उघडायला दोन्ही हात लागतात. म्हणून झाकण आधीच सैल करून ठेवा. पहिली धार सोडून द्या, धार न थांबवता मधली २० ते ३० मिली डबीत घ्या, उरलेली पुन्हा बाहेर. झाकण आतली बाजू वर करून ठेवा, आत बोट लावू नका.

डबीवर नावासोबत वेळ लिहा. तासाभरात लॅबला पोहोचवा, सेंटरवर नव्हे, जिथे प्लेट लावतात तिथे. जमत नसेल तर डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये आतल्या कप्प्यात ठेवा, दारात नको (दर वेळी दार उघडलं की तिथलं तापमान चढतं) आणि फ्रीझरमध्ये तर मुळीच नको. २ ते ८ अंशांना २४ तासांपर्यंत आकडा फारसा हलत नाही. नेतानाही बर्फाच्या पाकिटासोबत न्या. सेंटरवालाच घेणार असेल तर त्याला सरळ विचारा की गाडी किती वाजता निघते आणि तोवर डबी फ्रिजमध्ये असते का. "दुपारी जाते" म्हणाला तर बोरिक आम्लाची नळी मागा. तिच्यात जिवाणू मरत नाहीत, फक्त वाढायचे थांबतात. मात्र नळीवरच्या खुणेपर्यंत भरा. लघवी कमी पडली तर आम्लाचं प्रमाण जास्त होऊन जिवाणू मरू लागतात आणि रिपोर्ट उलट्या बाजूने चुकतो.